पेन मध्येच का थांबतं

नववी पाकळी अर्धी झाली होती. पेन अचानक पाकळी सोडून कागदाच्या कोपऱ्याकडं धावलं आणि परत येताना अख्ख्या फुलावर काळी रेघ ओढून गेलं. यंत्रावरचा चूक दाखवणारा दिवा लागला. तो माझा तिसरा कागद होता, आणि तिन्ही वेळा फूल वेगवेगळ्या जागी मोडलं होतं. एकाच ठिकाणी बिघडतं तर कारण शोधता आलं असतं. इथं काय धरावं तेच कळेना.

यंत्र मामांचं. इमारतींच्या नकाशांसाठी त्यांनी घेतलेला ह्युलेट-पॅकार्डचा 7475ए, म्हणजे 1983 सालचं मॉडेल. प्रिंटर ठिपक्यांनी चित्र भरतो. हा प्लॉटर पेन धरून माणसासारखी रेघ ओढतो. सहा पेनांची फिरती चकती असते. कागद एका दिशेनं पुढं-मागं सरकतो, पेन दुसऱ्या दिशेनं, आणि दोघांच्या मेळातून वळण तयार होतं. सोलापूरच्या किती उन्हाळ्यांत मूळ पेनं वाळून गेली, कोण जाणे. मी जेल पेनाच्या रिफिलला कागदाची पट्टी गुंडाळून ती चकतीत बसतील एवढी जाड केली.

मला त्याच्याकडून एकच काम हवं होतं. बाबा चादरींची डिझाइनं करायचे. त्यांचे आलेखकागद घडीवर फाटत चाललेत. त्यांतल्या फुलांच्या, मोरांच्या बाह्यरेषा मला पुन्हा शाईनं काढून ठेवायच्या होत्या. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. संगणकाशी माझी ओळख तेवढीच.

लॅपटॉपवर लिनक्स होतं. प्लॉटरचं जुनं सिरियल पोर्ट आणि लॅपटॉपचं यूएसबी यांच्यामध्ये एक अडॅप्टर लावला. त्याच्या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. अडॅप्टर खोचला की ‘डेव्ह’ या फोल्डरात ‘टीटीवाययूएसबी0’ नावाची फाइल उगवते. तिच्यात जे लिहू ते तारेतून प्लॉटरकडं जातं. मी लिहिलं, तर ‘परवानगी नाही’ असं उत्तर. स्वतःला ‘डायलआउट’ या गटात घालायचं आणि पुन्हा लॉगिन करायचं, हे कळण्यात एक संध्याकाळ गेली.

ड्रायव्हर म्हणजे प्लॉटर चालवणारा, असा माझा समज होता. तसं नसतं. हा ड्रायव्हर फक्त अक्षरं पोचवतो. पलीकडं प्लॉटर आहे की आणखी काही, याची त्याला कल्पनाही नसते. चित्राची भाषा आपणच बोलायची. तिचं नाव एचपी-जीएल. ‘आयएन’ म्हणजे नव्यानं सुरुवात, ‘एसपी1’ म्हणजे पहिलं पेन उचल, ‘पीडी’ म्हणजे पेन टेकव, ‘पीयू’ म्हणजे उचल, ‘पीए’ आणि दोन आकडे म्हणजे त्या बिंदूवर जा. एका मिलिमीटरचे 40 भाग. मी 4000 भागांचा चौकोन लिहून पाठवला. चकतीतून पेन उचललं गेलं, कागद सरकला आणि चौकोन उमटला. पट्टी लावली. बरोबर 10 सेंटिमीटर! त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही.

पण चौकोनाच्या चार ओळी म्हणजे फूल नव्हे. फुलाच्या शेकडो ओळी एकदम सोडल्या की चित्र मोडायचं. फाइल तपासली, तीत चूक नव्हती. बाबांना कागद दाखवला. त्यांनी रेघेकडं पाहिलंच नाही. विचारलं, “पुढची ओळ कधी पाठवायची, हे कोण ठरवतं गं?”

“लॅपटॉप,” मी म्हणाले.

“मग बिघडणारच. जेकार्डचं कार्ड आपण ढकलत नाही. धोटा आरपार गेला, की माग आपणच पुढचं कार्ड घेतो.”

जेकार्डच्या मागावर बाण्याच्या प्रत्येक धाग्याला एक कार्ड असतं. भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो. 1804 मधल्या त्या युक्तीत सूचना आणि विणकाम एकाच दांड्यानं बांधलेलं आहे. माग थांबला की कार्डंही थांबतात. माझ्या टेबलावर तसा दांडा नव्हता. सेकंदाला 9600 बिट या वेगानं सुमारे 960 अक्षरं जात होती आणि प्लॉटरच्या स्मृतीत जागा 1024 अक्षरांची. पेन एक पाकळी वळवेपर्यंत स्मृती भरून वाहायची. सांडलेल्या अक्षरांत एखादा आकडा गेला, की पेन भलत्याच बिंदूकडं धावायचं.

‘थांब’ म्हणायची सोय प्लॉटरमध्ये होती. स्मृती भरत आली की तो 19 क्रमांकाचं अक्षर पाठवतो, जागा झाली की 17 क्रमांकाचं. मात्र तसं करायला त्याला आधी सांगावं लागतं, आणि ते ऐकायला ‘एसटीटीवाय’ या आज्ञेनं लिनक्सलाही. मी फक्त लिनक्सला सांगितलं. फूल चौथ्यांदा मोडलं. मग दोघांनाही सांगितलं. पाचव्यांदा ते जवळजवळ पूर्ण झालं आणि शेवटी बिघडलं, कारण ‘थांब’ म्हटल्यावरही अडॅप्टरमध्ये आधीच शिरलेली अक्षरं येतच राहतात. प्लॉटरच्या पुस्तिकेतल्या उदाहरणात 81 अक्षरांची जागा उरली की थांबवायचं असं होतं. मी ती 400 केली.

सहाव्या कागदावर पेन दर थोड्या वेळानं क्षणभर थबकायचं. आधी अशा थबकण्यानं माझ्या पोटात गोळा यायचा. आता कळत होतं, या क्षणी लॅपटॉप गप्प आहे आणि प्लॉटर आपलं काम उरकतो आहे. फूल पूर्ण झालं. पेन आपसूक चकतीत जाऊन बसलं.

बाबांनी जुना आलेखकागद शेजारी ठेवला आणि बोटानं एकेक पाकळी ताडून पाहिली. मग पेटीतून मोराचा कागद काढून हळूच माझ्यासमोर सरकवला.