अंगठा कुणाला द्यायचा? नेऱ्यातला फ्लॅट आणि महार वतनाची अट

भाच्याने नेऱ्यात टू बीएचके घ्यायचं ठरवलं तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला. मुळशी तालुक्यातलं हे नेरे हिंजवडीच्या आयटी पार्कपासून काही किलोमीटरवर आहे. भाताची खाचरं होती तिथे आता टॉवर उभे राहताहेत. भाचा त्याच पार्कात नोकरीला. वस्तीतल्या एका खोलीत सहा जणांत अभ्यास केलेला पोरगा स्वतःच्या नावाने घर घेणार, ही आमच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. बुकिंगची रक्कम भरली, पेढे वाटले. मग बँकेच्या वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आला आणि कर्ज अडकलं.

रिपोर्टात लिहिलं होतं की जमीन मूळची महार वतनाची आहे आणि मूळ वतनदारांकडून ती पहिल्यांदा विकली गेली तेव्हाचा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा आदेश मिळत नाही. म्हणून टायटल स्वच्छ नाही. भाचा म्हणाला, "मामा, जमीन आपल्याच लोकांची होती म्हणे. मग ते लोक गेले कुठे?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर लाज वाटली. आम्ही जयंतीला वतनावर भाषणं करतो, पण वतनाचा फेरफार कसा दिसतो हे आमच्यातल्या निम्म्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच महिन्यात दुसरी गोष्ट घडली. आमच्या आजोबांच्या नावची थोडी वतनी जमीन याच तालुक्यात आहे. एक एजंट आमच्या आत्याच्या घरी पोचला. वय सत्तरच्या पुढे, अक्षरओळख नाही. "आजी, पन्नास हजार रोख, फक्त इथं अंगठा. तुमचं नाव सातबाऱ्यावर नाहीच, हे तर वरचं मिळतंय तुम्हाला." आत्याने डबी उघडून शाई लावलीही असती, पण शेजारच्या पोरीने आम्हाला फोन लावला. आम्ही जाऊन कागद वाचला. ते कुलमुखत्यारपत्र होतं. विकण्याचा, साठेखत करण्याचा, परवानगी मागण्याचा, पैसे स्वीकारण्याचा, सगळा अधिकार त्या एका अंगठ्याने जाणार होता.

मित्रहो, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. आज आत्याकडे आलेला कागद उद्या भाच्याच्या सर्च रिपोर्टात दोष होऊन बाहेर येतो. विकणारा आपला, फसलेला खरेदीदारही आपला. मधला पैसा मात्र तिसऱ्याच्या खिशात.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. वतन म्हणजे मालकी नव्हती, चाकरी होती. 1874 च्या वंशपरंपरागत अधिकाऱ्यांच्या कायद्याने ती बांधून ठेवली. जमिनीच्या तुकड्याच्या आणि बलुत्याच्या बदल्यात अख्ख्या घराने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामं करायची. बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ज्यांना चाकरी सोडायची आहे त्यांना पूर्ण सारा भरून जमीन रयतेसारखी स्वतःकडे ठेवता यावी, हा त्याचा गाभा होता. ते विधेयक पुढे मागे घ्यावं लागलं. 16 डिसेंबर 1939 रोजी हरेगावला वतनदारांची परिषद भरली, तिथेही हाच प्रश्न होता. बाबासाहेबांना वतनाची बेडी तोडायची होती, जमीन गमवायची नव्हती. हा फरक आपण विसरतो.

शेवटी 1958 चा कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन कायदा आला आणि 1 ऑगस्ट 1959 पासून लागू झाला. वतनं संपली, जमिनी सरकारजमा झाल्या आणि आकारणीच्या तिप्पट रक्कम भरणाऱ्या वतनदाराला त्या परत देण्याची तरतूद झाली. ज्यांना मुदतीत रक्कम भरता आली नाही, किंवा असं काही भरायचं असतं हेच कळलं नाही, त्यांच्या जमिनी सरकारकडेच राहिल्या. ज्यांनी भरली त्यांना जमीन मिळाली ती नवीन अविभाज्य शर्तीने. आज सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' दिसतं ते हेच. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय ती विकता येत नाही. बिगरशेतीसाठी हा नजराणा बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत जातो.

आता काही जण म्हणतात, ही अटच काढून टाका. इतर समाजाचा शेतकरी जमीन विकतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही, मग आम्हालाच का? हा प्रश्न खोटा नाही. अट असल्यामुळे बँक या जमिनीवर सहज कर्ज देत नाही, घर बांधायला पैसा मिळत नाही, आणि गरज पडली की मालक बाजारात नाही तर थेट एजंटाच्या दारात जातो. एजंट म्हणतो, "वर्ग 2 आहे, परवानगी आम्ही आणतो, पण भाव निम्मा." अट आपल्या रक्षणासाठी लिहिली गेली आणि तिचा उपयोग भाव पाडायला झाला.

पण आम्ही 'अट काढा' म्हणायला तयार नाही. आज ती सरसकट निघाली तर हिंजवडी, मारुंजी, नेऱ्याच्या पट्ट्यातल्या उरलेल्या वतनी जमिनी किती दिवस आपल्या राहतील? नोव्हेंबर 2025 मध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे 40 एकर महार वतन जमिनीचा व्यवहार वर्तमानपत्रांत गाजला. तिथेही मूळ वतनदारांच्या नावची मुखत्यारपत्रं चर्चेत आली. बातम्या मुद्रांक शुल्क किती बुडालं याच्याच जास्त वाचायला मिळाल्या. वतनदारांच्या हातात काय पडलं, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

म्हणून आमची मागणी वेगळी आहे. परवानगी राहू द्या, पण तिच्या प्रत्येक अर्जाची नोटीस सर्व वारसांना घरपोच गेली पाहिजे, लेकीबाळींनाही. मोबदला प्रत्येक वारसाच्या बँक खात्यात आला पाहिजे, मुखत्याराच्या नाही. आणि नजराण्याचा बोजा विकासकाने उचलावा. ज्या जमिनीवर आमच्या पिढ्यांनी चाकरी केली, तिच्या किमतीतला अर्धा वाटा आम्हीच सरकारला का द्यायचा?

सरकार ऐकेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? नाही. आम्ही जे केलं ते सांगतो.

पहिलं, चालू सातबाऱ्यावर थांबलो नाही. जुने हस्तलिखित सातबारे आणि त्यांवर लिहिलेल्या क्रमांकांचे फेरफार नकला मागून काढले. जमीन परत दिल्याची नोंद, रक्कम भरल्याची नोंद, 'इतर हक्क' रकान्यातला शेरा, सगळं ओळीने लावलं. तेव्हा दिसलं की आजोबा गेल्यावर फक्त दोन मुलांची वारसनोंद झाली, आत्याचं नाव कधी लागलंच नाही. एजंट म्हणाला ते अर्धं खरं होतं. नाव नव्हतं, हक्क होता. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. स्त्रियांच्या याच हक्कांसाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल लढवलं आणि ते रखडवल्यावर 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. त्यांची जयंती करणाऱ्या आमच्याच घरात बहिणीचं नाव गाळलेलं होतं. हा दोष एजंटाचा नव्हता, आमचा होता.

दुसरं, आत्याच्या नावासाठी वारसनोंदीचा अर्ज केला. फेरफार धरल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. ती चावडीवर लागते आणि आपण चावडीवर जात नाही, म्हणून आपल्याविरुद्धचे फेरफार बिनहरकत मंजूर होतात. आता वस्तीतली दोन पोरं ठरावीक दिवशी नोटीस फलक वाचून येतात.

तिसरं, नोटरीच्या कागदाला खरेदी म्हणणं बंद केलं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. हे विकणाऱ्यालाही लागू आणि एक गुंठा घेऊन घर बांधणाऱ्या आपल्या भावालाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नाही.

चौथं, धाक दाखवून किंवा खोट्या नोंदी करून जमीन घेतली असेल तर प्रश्न फक्त दिवाणी राहत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 च्या कलम 3(1) मधील एफ आणि जी ही उपकलमं अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन बळकावण्याबद्दलच आहेत.

भाच्याचं काय झालं? त्याने विकासकाकडे परवानगीच्या आदेशाची प्रत लेखी मागितली. ती मिळाली नाही. त्याने बुकिंग सोडलं. भरलेल्या रकमेतले काही पैसे अजून अडकलेत आणि तो अजून भाड्याच्या खोलीत राहतो. आम्ही त्याला जिंकलो असं सांगू शकत नाही. पण आता तो आपल्या ऑफिसातल्या पोरांना फ्लॅटचं ब्रोशर बाजूला ठेवून आधी फेरफार मागायला सांगतो.

आत्याचं नाव मात्र सातबाऱ्यावर लागलं. आम्ही उतारा वाचून दाखवला तेव्हा तिने आपल्या नावावर बोट ठेवून विचारलं, "हेच का मी?" मग म्हणाली, "आता अंगठा मागायला आला तर आधी तुम्हाला वाचायला लावीन."

प्रत्येक वस्तीत अशी एक आत्या आहे. एजंट तिच्या दारात पोचायच्या आधी आपण पोचायचं आहे. येत्या रविवारी आपल्या घरातला सातबारा काढा, नावं मोजा आणि कुणाचं गाळलंय ते बघा.

जय भीम!