स्क्रू शेवटी

गाडी लावता लावताच गिऱ्हाईक सांगतं, "स्क्रू जरा बघा, ॲव्हरेज वाढवून द्या." कार्बोरेटरचा तो पितळी स्क्रू म्हणजे पेट्रोलचा नळ, अशी पक्की समजूत आहे. खरं तर त्याचा अंमल गाडी जागेवर चालू असताना, फार तर मूठ जेमतेम पिळलेली असताना. पन्नासच्या वेगात पेट्रोल मोजून देतात ते निडल आणि मेन जेट. म्हणून काही जण जेटच लहान बसवतात. मला ते अजिबात पटत नाही. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून फार तोडलं, की इंजिन तापतं, चढावर ओढत नाही आणि माणूस मूठ आणखी पिळतो. मग वाचलं काय?

मी स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावतो. आधी गाडी डबल स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवायचं. लगेच थांबलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन ताठ आहे. तिथे कार्बोरेटर काय करणार? मग टायरची हवा, एअर फिल्टर, प्लग. प्लगचं टोक फिकट तपकिरी हवं. काळी काजळी म्हणजे पेट्रोल न जळता चाललंय, पांढरंफटक म्हणजे उपासमार.

टॅपेट मात्र थंड इंजिनवरच. दुधाचे कॅन लावून येणारे आबा दर वेळी म्हणतात, "पोरा, ती टिकटिक बंद कर." मी फीलर गेजची पाती सरकवून दाखवतो. "आबा, थोडी राहू द्या. फट मिटवली तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं." घट्ट टॅपेटची गाडी कानाला गोड लागते आणि पेट्रोल पिते.

एवढं झाल्यावर इंजिन तापवून स्क्रू अगदी हळू फिरवायचा. एका जागी रेस आपसूक चढते, आवाज एकसारखा होतो. तिथे थांबायचं आणि रेस उतरवायची.

एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी हा स्क्रूच नाही. सेन्सर बघून पेट्रोल सोडलं जातं. पण घासणारा ब्रेक सेन्सर सैल करत नाही.

आबांना आता सांगून ठेवलंय: रिझर्व्हवरून हिशेब नको. टाकी फुल, किलोमीटर लिहा, आठवडाभर दूध घाला, त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि आकडा घेऊन या.