टेकू आणि तुळई

आमच्या वडिलांना दोन गोष्टींचा मोठा अभिमान होता: एक, पणजोबांनी बांधलेल्या वाड्याचा आणि दुसरा, आपल्या इतिहासाच्या ज्ञानाचा. पहिल्या अभिमानाला १९८७च्या पावसाळ्यात धक्का बसला आणि दुसऱ्याला १९९१च्या डिसेंबरात. या दोन प्रसंगांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे त्या वेळी माझ्या ध्यानी आले नाही. पुढे मात्र एकाची आठवण झाली की दुसराही हटकून समोर येऊ लागला.

वडील साताऱ्याकडील एका गावी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवीत. ते कोणत्याही पक्षाचे सभासद नव्हते. परंतु एका पिढीत नांगराकडून अवकाशयानापर्यंत गेलेल्या रशियाविषयी त्यांना विलक्षण कौतुक होते. त्या देशातून येणारे एक सचित्र नियतकालिक नाममात्र वर्गणीत घरपोच मिळे. त्याच्या गुळगुळीत कागदाची वेष्टने आम्ही वह्यांना घालीत असू. पण अथपासून इतिपर्यंत वाचून झाल्यावाचून वडील तो अंक आमच्या हवाली करीत नसत. ११ मार्च १९८५ रोजी मिखाईल गोर्बाचेव्ह हे कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले आणि लवकरच 'पेरेस्त्रोइका' हा शब्द त्या पानापानावर दिसू लागला. त्याचा अर्थ पुनर्बांधणी. नुकतेच निवृत्त झालेल्या वडिलांनी त्याच सुमारास वाड्याच्या दुरुस्तीस हात घातला होता. "आमच्याकडेही पेरेस्त्रोइका चालू आहे बरे का!" असे ते येणाऱ्याजाणाऱ्यास मोठ्या हौसेने सांगत.

माजघराच्या मधल्या तुळईला वाळवी लागल्याचे कळून तेव्हा पंधरा वर्षे होऊन गेली होती. मळ्याचा एक तुकडा विकून हाती पैसे आले, त्या वेळी सुताराने ती पोखरलेली जागा दाखविलीही होती. परंतु घर तर उभे होते! त्या पैशांतून भिंतींना रंग लागला, मोठा रेडिओ आला आणि तुळई कडीपाटाच्या काळोखात तशीच राहिली. अखेर दुरुस्तीला मुहूर्त लागला तेव्हा हात आखडलेला होता. निवृत्तिवेतनाचे कागद कोठल्याशा कचेरीत अडकले होते. म्हातारा सुतार म्हणाला, "मास्तर, आधी टेकू द्या, मग तुळईला हात लावू." टेकूंचे लाकूड महाग होते. वडिलांनी सहाच्या जागी दोन टेकूंवर भागविले. आषाढातल्या एका रात्री माजघराची भिंत आत कोसळली. माणसे वाचली, एवढेच दैव. भिंत पुन्हा उभी करण्यासाठी आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या, त्या कधीच परत आल्या नाहीत.

तिकडच्या मोठ्या घराचीही कथा फारशी निराळी नव्हती. तेथील वाळवी लोकांना दिसली नव्हती असे नाही. १९६५ सालीच पंतप्रधान कोसिगिन यांनी कारखान्यांचे यश निव्वळ उत्पादनाच्या आकड्यावर न मोजता विक्री आणि नफा यांवर मोजण्याचा प्रयत्न आरंभिला होता. पण १९६८त प्राग शहरात रणगाडे धाडल्यानंतर 'सुधारणा' हा शब्दच संशयास्पद ठरला. त्यातच १९७३त जगात खनिज तेलाचा भाव चौपट झाला. सैबेरियाच्या तेलावर परदेशी चलन मिळू लागले. त्या चलनातून अमेरिका-कॅनडाचा गहू घेता येऊ लागला. मग स्वतःच्या शेतीचे दुखणे पाहण्याची निकड कोणाला भासावी? १९६२ साली मांसाचा भाव वाढविला तेव्हा नोव्होचेर्कास्क येथील कामगार रस्त्यावर आले होते आणि गोळीबारात वीसांहून अधिक माणसे मेली होती. त्या धास्तीने सरकारी दुकानांतील तो भाव १९९१पर्यंत जागचा हलला नाही. यालाच तेथे स्थैर्य म्हणत. आमच्या भिंतींचा रंग तो हाच!

गोर्बाचेव्ह यांनी तुळईला हात घातला तो घरात पैसा उरला नव्हता त्या वेळी. १९८६त तेलाचा भाव कोसळून दहा डॉलरच्या आसपास आला. दारूबंदीच्या मोहिमेने अबकारी उत्पन्न बुडविले. त्याच वर्षीच्या एप्रिलात चेर्नोबिलचा अपघात झाला. अफगाणिस्तानातील युद्ध तर १९७९पासून चालूच होते; त्यात सुमारे पंधरा हजार सोव्हिएत सैनिक कामी आले. अशा स्थितीत १९८८पासून कारखान्यांना वेतन ठरविण्याची मोकळीक मिळाली, पण मालाचे भाव सरकारनेच बांधलेले राहिले. परिणामी खिशात नोटा वाढल्या आणि दुकानांतील फळ्या ओस पडल्या. हुकूम सैल झाला होता, बाजार अजून जन्मला नव्हता. पंधरा प्रजासत्ताकांना सांधणारा पक्ष हाच खांब होता. १९९०च्या मार्चमध्ये त्याची सत्तेची मक्तेदारीही घटनेतून काढली गेली. टेकू कोठेच नव्हते.

त्या घराची एक भिंत आमच्याही अंगणात पडली. सोव्हिएत संघ हा भारताचा मोठा गिऱ्हाईक होता आणि तो व्यापार रुपयांत चाले. तो आटू लागला असतानाच आखाती युद्धामुळे तेल महागले. १९९१च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने गहाण ठेवण्यासाठी लंडनला पाठविले. ती बातमी वडिलांनी मोठ्याने वाचली, तेव्हा आई नुसते एवढेच म्हणाली, "म्हणजे सरकारलाही पाटल्या काढाव्या लागल्या म्हणायच्या!" त्याच महिन्याच्या २४ तारखेच्या अंदाजपत्रकाने आपलाही जुना आर्थिक संसार बदलला. आपणही रिकाम्या हातानेच शहाणे झालो. मात्र आपल्याकडे मतपेटी आणि बोलणारी संसद हे टेकू आधीपासून उभे होते.

२५ डिसेंबर १९९१ रोजी गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी वडील बराच वेळ ओसरीवर नुसते बसून होते. अखेर म्हणाले, "टेकू न देता तुळई काढली त्याने." आई निवडीत असलेल्या तांदळावरून मान वर न करता म्हणाली, "अहो, पण पंधरा वर्षे वाळवी पोसली ती कोणी?" वडील काही बोलले नाहीत. ते उत्तर रशियापुरते नव्हते, हे त्यांना कळले असावे.

मला आईचे म्हणणे पटते. पण पूर्णपणे नव्हे. चीनने टेकू आधी दिले, बाजार आधी उभारला. परंतु १९८९च्या जूनमध्ये बोलणाऱ्या तोंडांवर गोळ्या झाडून. त्याच वर्षी पूर्व युरोपातील राजवटी कोसळत असता गोर्बाचेव्ह यांनी रणगाडे हलविले नाहीत, हे त्यांचे मोठे पुण्य. १९९१च्या जानेवारीत व्हिल्नियस येथे सांडलेले रक्त हा त्यावरील डाग. तरीही ढिगाऱ्याखाली सापडतात ती माणसे निराळीच असतात. २ जानेवारी १९९२ रोजी भाव मोकळे झाले आणि वर्षभरात ते सुमारे पंचवीसपट चढले. जन्मभराची पुंजी मातीमोल झाली. कोणा म्हाताऱ्या शिक्षकिणीने काटकसर करून साठविलेल्या रूबलांचा वाळवीशी काय संबंध? तिला ना रंग लावताना विचारले, ना तुळई काढताना.

३० ऑगस्ट २०२२ रोजी गोर्बाचेव्ह वारले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्या जुन्या घरातील दोन भावंडांत युद्ध पेटले होते. वडील आणि आई दोघेही तोपर्यंत गेली होती. तो वाडा आता माझ्याकडे आहे. भिंत पडल्यापासून वडिलांना एक सवय लागली होती: दर दिवाळीला, घरात चार पैसे असताना, शिडी लावून ते प्रत्येक तुळई बोटाने वाजवून पाहत. हल्ली ते काम मी करतो. गेल्या दिवाळीत देवघरावरच्या तुळईचा आवाज मला किंचित पोकळ वाटला. सुताराला मी निरोप धाडला आहे. टेकूंचे लाकूड आधीच आणून ठेवले आहे.