सहा पाट्यांचा कारखाना

इंग्लंडच्या नकाशावर सिल्व्हरस्टोन सापडायला जरा शोधाशोध करावी लागते. नॉर्दम्प्टनशर परगण्याच्या दक्षिण टोकाला गव्हाची शेते, मेंढ्यांची कुरणे आणि मधूनच डोके वर काढणारे एखादे चर्च, असा हा शांत मुलूख आहे. लंडनच्या यूस्टन स्टेशनावरून नॉर्दम्प्टनपर्यंत आगगाडीने आणि तिथून टॅक्सीने मी निघालो. शेवटची दोन मैल आमची टॅक्सी एका ट्रॅक्टरमागून मुकाट्याने सरपटत होती. जगातल्या सर्वांत वेगवान मोटारी याच गावी धावतात, हे त्या वेळी शपथेवर सांगूनही मला पटले नसते!

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, इथे विमानतळ झाला. वेलिंग्टन जातीच्या बाँबफेकी विमानांवर इथे वैमानिक तयार होत. युद्ध संपले, विमाने गेली, धावपट्ट्या उरल्या. मोटारवेड्यांना आणखी काय हवे होते? १९४८ साली त्यांनी तिथे शर्यत भरवली, आणि १३ मे १९५० रोजी जागतिक अजिंक्यपदाची पहिलीच शर्यत इथे झाली. खुद्द राजे सहावे जॉर्ज ती पाहायला आले होते. युद्धकाळातल्या एका हँगरमध्ये आता हा सारा इतिहास सांगणारे संग्रहालय आहे.

पण मी आलो होतो तो शर्यतीचा मार्ग पाहायला नव्हे. त्याच्या फाटकासमोरून डॅडफर्ड रोड जातो. त्या रस्त्यावरचा कारखाना मला पाहायचा होता. टॅक्सीवाल्याला मी म्हटले, "अ‍ॅस्टन मार्टिनच्या कारखान्याशी सोडा."

"म्हणजे जॉर्डनकडे!" तो म्हणाला.

त्या एका शब्दात सारी हकीकत आली. एडी जॉर्डन या आयरिश गृहस्थाने काढलेली ही शर्यतीची मंडळी १९९१ साली पहिल्यांदा मैदानात उतरली. २००६ साली ती 'मिडलँड' झाली, २००७ साली 'स्पायकर', २००८ साली 'फोर्स इंडिया', २०१८ साली 'रेसिंग पॉइंट' आणि २०२१ साली 'अ‍ॅस्टन मार्टिन'. तीस वर्षांत सहा पाट्या! आपल्याकडे कर्जात बुडालेल्या नाटकमंडळ्यांचे मालक बदलत. पण पडदे ओढणारा, पेटी वाजवणारा आणि रंगपटातला म्हातारा तेच राहत. तसाच हा प्रकार.

असे का व्हावे? वाचकांपैकी ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फॉर्म्युला वनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मंडळीने मोटारीचा सांगाडा स्वतः घडवायचा असतो. इंजिन मात्र बाहेरून घेता येते. आता इंजिन काही बाजारातल्या बटाट्यासारखे मिळत नाही. एखाद्या बड्या मोटार कंपनीची मर्जी बसली तर ती इंजिन देते, वर पैसेही देते. नाही बसली तर रोख मोजून विकत घ्यायचे. शिवाय इंजिन बदलले की पाणी थंड करण्याची सोय, पेट्रोलची टाकी, गिअरपेटी, सारेच नव्याने मांडावे लागते. सून बदलली की स्वयंपाकघराची मांडणी बदलावी, तसे!

जॉर्डनने पहिल्या वर्षी फोर्डचे इंजिन विकत घेतले. मोटार सुरेख निघाली, मंडळी पाचवी आली, आणि वर्षअखेर बिलांचा डोंगर उभा राहिला. म्हणून १९९२ साली यामाहाचे फुकटचे इंजिन घेतले. वर्षभरात मिळून गुण किती? एक! तोही अखेरच्या शर्यतीत. मग ब्रायन हार्ट नावाच्या कारागिराच्या छोट्या कारखान्यातले इंजिन आले, मग प्यूजो, मग मुगेन-होंडा. या शेवटच्या इंजिनावर १९९८ साली बेल्जममधल्या स्पाच्या मार्गावर, धो धो पावसात, डेमन हिलने मंडळीला पहिला विजय मिळवून दिला. पण होंडाची इंजिने आणखी एका मंडळीकडेही जात होती. २००२ नंतर होंडाने तिलाच जवळ केले, आणि जॉर्डन पुन्हा फोर्डच्या दारात विकतच्या इंजिनासाठी उभा राहिला.

पैशाचा दुसरा झरा म्हणजे पुरस्कर्ते. मोटारीचा रंग ही त्यांची मिरास. १९९१ ची हिरवी मोटार सेव्हन-अप या पेयाची जाहिरात करी. पुढे बेन्सन अँड हेजेस ही सिगारेट कंपनी आली आणि मोटार पिवळीधमक झाली. पण काही देशांत तंबाखूच्या जाहिरातीला बंदी! कंपनीचे नाव लिहिता येईना आणि पैसे तर तिचेच. यावर काढलेली युक्ती मोठी गमतीची आहे. मोटारीच्या नाकाडावर १९९७ साली साप रंगवला आणि तीच आद्याक्षरे ठेवून लिहिले 'बिटन अँड हिसेस', म्हणजे डसला आणि फुत्कारला! पुढल्या वर्षी सापाच्या जागी गांधीलमाशी आली. प्रेक्षकांना माशी फार आवडली. सिगारेटचे नाव न लिहिताच सर्वांच्या तोंडी झाले. कायद्याला बगल देण्याचे कसब, असेही कुणी म्हणेल, आणि ते खोटे नाही.

तंबाखूचे दिवस सरत आले तेव्हा व्होडाफोनकडून मोठा करार झाला होता, असा दावा जॉर्डनने इंग्लंडच्या न्यायालयात लावला. २००३ साली तो अंगलट आला आणि माघार घ्यावी लागली. २००५ च्या आरंभी मंडळी विकली गेली. त्या वर्षी, जुन्या नावाच्या अखेरच्या मोसमात, या पिवळ्या मोटारीत बसला कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय. मोटारीवर मुंबईच्या टाटांचे नाव होते. इंडियानापोलिसच्या शर्यतीत टायरांच्या भानगडीमुळे सहाच मोटारी धावल्या आणि तो चौथा आला. पण नशिबाने दिलेले गुणही गुणच!

पुढे २००७ च्या ऑक्टोबरात विजय मल्ल्या आणि त्यांच्या डच भागीदाराने ही मंडळी ८ कोटी ८० लाख युरोंना घेतली, आणि कालांतराने मोटारीवर केशरी, पांढरा, हिरवा रंग चढला. पहिल्या वर्षी फेरारीचे इंजिन असूनही गुण शून्य. २००९ साली मर्सिडीजचे इंजिन आले आणि त्याच स्पाच्या मार्गावर फिसिकेला सर्वांच्या पुढून सुटला. एका सेकंदाहूनही कमी अंतराने तो दुसरा आला. आणि लगेच फेरारीने त्याला बोलावून नेले! १९९१ साली याच मंडळीने याच मार्गावर मिखाएल शूमाकर नावाच्या पोराला पहिली संधी दिली होती. तोही एका शर्यतीनंतर दुसऱ्या मंडळीकडे गेला. गरिबाघरचे हुशार पोर दत्तक जाते, त्यातलीच गत.

२०११ साली सहाराने १० कोटी डॉलर्स देऊन ४२.५ टक्के वाटा घेतला. नाव भारताचे, मालक भारतीय. पण शर्यतीत एकही भारतीय चालक या मोटारीत बसला नाही. पुढे किंगफिशर विमान कंपनी बंद पडली, २०१४ साली सहाराचे प्रमुख तुरुंगात गेले, २०१६ साली मल्ल्या भारत सोडून गेले. नावात 'इंडिया' असल्यामुळे परदेशी पुरस्कर्ते कचरतात, तेव्हा ते नावच बदलावे, अशीही चर्चा झाली. २०१७ च्या फेब्रुवारीत रुपेरी रंगात मिरवलेली मोटार मार्चमध्ये एका ऑस्ट्रियन जलशुद्धीकरण कंपनीच्या पैशासाठी गुलाबी झाली. आणि नवलाची गोष्ट अशी की, या सगळ्या ओढगस्तीत २०१६ आणि २०१७ अशी दोन्ही वर्षे मंडळी चौथी आली.

मालकांच्या तिजोरीचा आणि कारागिरांच्या हातांचा काही संबंध नसतो, हे मला तिथे उभे असताना उमगले. आत तर कुणी जाऊ देत नाही. शर्यतवाल्यांची गुपिते संरक्षण खात्याहून कडक! काचेपलीकडे काय चालले आहे याचा अंदाज करीत मी फाटकाबाहेर उभा होतो.

२०१८ च्या जुलैत मंडळीचे दिवाळे वाजायची वेळ आली होती. इंजिनाचे पैसे थकलेले, चालकाचा पगार थकलेला. कंपनी एकदम मोडीत निघू नये म्हणून चालक सेर्हियो पेरेझ यानेच, स्वतः धनको या नात्याने, मर्सिडीज आणि त्या पाणीवाल्या कंपनीच्या पाठिंब्याने न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमवून घेतले. आपल्या मालकावर खटला भरणारा नोकर कृतघ्न ठरतो. इथे त्या खटल्यामुळे ४०५ माणसांची नोकरी वाचली. ऑगस्टमध्ये कॅनडाच्या लॉरेन्स स्ट्रोलच्या गटाने मंडळी घेतली. नवी मंडळी म्हणून आधीचे ५९ गुण पुसले गेले. शून्यावरून पहिली शर्यत कुठे? स्पाला! मोटारी पाचव्या आणि सहाव्या आल्या.

पेरेझला २०२० साली निरोपाचा नारळ मिळाला. त्यानंतर डिसेंबरात बहारीनमधल्या साखीरच्या शर्यतीत पहिल्या फेरीत तो सर्वांत मागे पडला आणि तिथून जिंकला. या कारखान्याचा तो १७ वर्षांतला पहिला विजय. आता इथे २०२३ साली उघडलेली मोठी नवी इमारत आहे, मोटार पुन्हा हिरवी आहे, आणि २०२६ च्या मोसमापासून इंजिन पुन्हा होंडाचे. एडी जॉर्डन मात्र २०२५ च्या मार्चमध्ये वारले.

संध्याकाळी पाळी सुटली. हिरव्या सदऱ्यांची माणसे हसत, बोलत बाहेर पडू लागली. बहुतेक तरुण होती; पण दोघेतिघे पांढऱ्या केसांचेही दिसले. त्यांच्या घरच्या कपाटात पिवळा, केशरी आणि गुलाबी सदराही घडी करून ठेवलेला असेल, असे मला वाटून गेले. त्यांतला एकजण सायकलवर बसला आणि गावाच्या दिशेने सावकाश निघून गेला.