मूळचा कुठला?



आमच्या घरात गेली आठ वर्षं एक साप आहे. दचकू नका, बिनविषारी आहे. कॅलिफोर्निया किंगस्नेक. लेक दहा वर्षांची असताना हट्ट करून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका प्रदर्शनातून आणला. तेव्हा जेमतेम फूटभर होता, आता चांगला साडेतीन फूट आहे. नाव राजा. साताऱ्याहून आई आली होती तेव्हा तिनं लांबूनच हात जोडले आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या खाण्याची चौकशी सुरू केली!

हा दुसरे साप खातो, अगदी रॅटलस्नेकसुद्धा. त्याच्या विषाला तो फारशी दाद देत नाही. म्हणून एका पेटीत दोन किंगस्नेक कधी ठेवायचे नाहीत.

आमच्या सॅन डिएगोच्या किनारपट्टीवर हे साप साधारणपणे चॉकलेटी, त्यावर पिवळसर पट्टे. पूर्वेला वाळवंटात गेलात की काळे आणि पांढरे. शिवाय इथल्या काहींना आडवे पट्टेच नसतात, पाठीवरून शेपटीपर्यंत एकच उभी रेघ. बराच काळ शास्त्रज्ञ या दोन वेगळ्या जाती समजत होते. इथल्या गॅस आणि वीज कंपनीतले इंजिनिअर लॉरेन्स क्लॉबर यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिलं की एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही प्रकारची पिल्लं निघतात. नोकरी सांभाळून सापांचा अभ्यास, बरं का!

पैदास करणाऱ्यांतही दोन पंथ. एक रंगवाले. आईबाप दिसायला साधे, पण दोघांत अल्बिनोचा जनुक दडलेला असेल तर सरासरी चारातलं एक पिल्लू अल्बिनो निघतं. दुसरे गाववाले. मूळ जोडी कुठल्या भागात पकडली त्याची नोंद पिढ्यानपिढ्या ठेवायची आणि त्याच भागातल्या सापाशी जोडी लावायची. एकदा मिसळलं की ते परत वेगळं काढता येत नाही.

राजाच्या पेटीवर विकणाऱ्यानं 'सॅन डिएगो' अशी चिठ्ठी लावून दिली होती. पण वाढत गेला तसा हा काळाकुळकुळीत, पट्टे पांढरेशुभ्र. लेकीनं त्या माणसाला मेल टाकली. उत्तर आलं, एका बाजूचे वाळवंटातले असावेत, दुसऱ्या बाजूचं नक्की सांगता येत नाही. मी म्हटलं, "अगं, रंगच सांगतोय की वाळवंटातला आहे." तर म्हणाली, "बाबा, नुसत्या रंगावरून गाव ठरत नाही. नोंद लागते."

यंदा ऑगस्टमध्ये ती कॉलेजला निघाली. सापाचं काय करायचं? बायको म्हणाली, मागच्या दरीत सोडून देऊ, इथलाच तर आहे. मलाही पटलं. साप पकडला की रानात नेऊन सोडायचा, हेच आपण लहानपणापासून पाहिलेलं.

लेक मात्र हटून बसली. तिनं ग्रॅन कनारिया बेटाची गोष्ट सांगितली. तिथे पाळीव किंगस्नेक मोकळे सुटले, त्यांची प्रजा झाली. १९९८पासून ते रानात दिसू लागले, त्यात पिंजऱ्यातले रंगही, अल्बिनो आणि उभ्या रेघांचे. जिथे ते पसरले तिथे बेटावरचे मोठे सरडे जवळजवळ दिसेनासे झाले.

"ते बेट आहे गं. हा तर इथलाच," मी म्हटलं.

"नाहीये ना, बाबा. हा मिसळलेला आहे. पिंजऱ्यातला एखादा रोग इथल्या सापांना देईल. आणि परवानगीशिवाय सोडणं बेकायदेशीर आहे."

इथला नाही. तिथलाही नाही. मी गप्प बसलो. सव्वीस वर्षं झाली इथे येऊन. गणपतीच्या कार्यक्रमात कोणी "मूळचे कुठले?" विचारलं की माझ्या तोंडून आपोआप "सातारचे" निघतं. लेकीला कोणी विचारलं की ती नुसती हसते.

निघायच्या आदल्या रात्री तिनं जुनी चिठ्ठी खरवडून काढली आणि नवी लावली: 'मूळ ठिकाण अज्ञात. पाळीव पैदास. रानात सोडू नये.' खाली माझ्यासाठी वेळापत्रक: दर दहा दिवसांनी एक गोठवलेला उंदीर, कोमट पाण्यात नीट वितळवून.

गेल्या शनिवारी पहिल्यांदा मीच चिमट्यानं उंदीर धरला. हात थरथरत होता. राजानं झडप घातली, वेटोळं घातलं आणि सावकाश गिळून टाकला. हे साप वीस वर्षंही जगतात म्हणे. म्हणजे अजून बरीच वर्षं आम्ही दोघं एकमेकांना आहोत.

लगेच फोन लावला. म्हटलं, "खाल्लं गं त्यानं."

तिकडून आवाज आला, "छान. आणि तू जेवलास का?"