काठ की कड्याची सावली?

जुलैत मुळशीचं धरण भरत असतं, नेमकं तेव्हाच ते वरून दिसत नाही. ताम्हिणीपासून पौडपर्यंत ढग दाटलेले. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला पांढरंफटक चित्र मिळतं. रडारची साडेपाच सेंटिमीटरची लहर मात्र ढगांतून आरपार जाते. युरोपने २०१४ साली सोडलेला सेंटिनेल-१ अशीच चित्रं टिपू लागला आणि ती कुणालाही फुकट मिळतात.

शांत पाणी आरशासारखं ती लहर पलीकडे वळवतं, म्हणून पाणी काळं आणि जमीन उजळ. पण चित्र रव्यासारखं दाणेदार येतं. चित्राच्या एकाच चौकोनातले दगड, पानं, ढेकळं आपापला प्रतिध्वनी पाठवतात. काही एकमेकांत मिसळून वाढतात, काही एकमेकांना मारतात. सरसकट सरासरी काढून दाणे पुसले, तर डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेले पाण्याचे अरुंद फाटेही पुसले जातात. जाँग-सेन ली यांनी १९८० मध्ये मांडलेली गणिती गाळणी इथे उपयोगी पडते. एकसारख्या भागात ती जोरात पुसते, कड आली की हात आखडता घेते.

पाण्याचा काठ आखताना दाण्यांपेक्षा मोठी फसगत मुळशीच्या भूगोलात आहे. लावणीसाठी पाणी भरलेली भातखाचरं काळी दिसतात. वाऱ्याने लाटा उठल्या की जलाशय जमिनीसारखा उजळतो. आणि उभ्या कड्यामागे लहर पोहोचतच नाही. ती सावली हुबेहूब तळ्यासारखी!

सावली ओळखता येते. विरुद्ध बाजूने टिपलेल्या चित्रात ती जागा बदलते, पाणी बदलत नाही. त्याहून भक्कम खूण उंचीची: साठलेलं पाणी सपाट, म्हणून काठाची रेघ सगळीकडे एकाच उंचीवर हवी. तिचा एखादा तुकडा उतारावर तीस मीटर चढलेला दिसला, की काठ आखणारा तो खोडतो.

एवढी काटेकोर नजर इथे हवीच. १९२१च्या रामनवमीला मावळातल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. धरण झालंच. भातजमिनी पाण्याखाली गेल्या आणि मुळेचं पाणी कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे वळलं. अशा ठिकाणी दहा मीटरची चूक म्हणजे कुणाचं तरी खाचर.

म्हणून एखाद्या फाट्याशी शंका उरली, तर तिथली रेघ तुटक ठेवायची. ऑक्टोबरात आकाश उघडतं, धरण भरलेलं असतं. तेव्हाच्या स्वच्छ चित्राशी ती रेघ पुन्हा ताडून पाहायची.