गीझरचें इमान

तांब्याचा जुना बंब रुसला, तर धुरावरून त्याचें दुखणें कळे. विजेचा गीझर मात्र मुकाट्यानें रुसतो. परवां ऐन माघांत, मातोश्रींच्या स्नानाच्या वेळींच आमचा २००० वॅटचा गीझर थंडगार निघाला. फ्यूज शाबूत, घरांतले दिवे लागलेले. तेव्हां दोष त्याच्या पोटांतच! मुख्य कळ बंद करून आम्हीं झांकण उघडलें, तों आंत, पाणी फार तापल्यास प्रवाह तोडणारी चिमुकली कळ उडालेली दिसली. "कामचुकार!" असें पुटपुटत, तारेच्या तुकड्यानें तिला वगळण्याचा बेत आम्ही करीत होतों, इतक्यांत वायरमन आला.

"साहेब, हिनंच तुम्हांला वाचवलं," तो म्हणाला.

थर्मोस्टॅट चिकटल्यामुळें पाणी तापतच राहिलें होतें. आदल्या रात्रीं तें भलतेंच कढत लागलें, हें आम्हांस आतां आठवलें. ती कळ वगळली असती, तर पाणी उकळून कोंडलेल्या वाफेनें टांकी फुटण्याची धास्ती होती. आणि तिच्याखालीं मातोश्री स्नानाला बसल्या असत्या.

नवा थर्मोस्टॅट येईपर्यंत त्यांचें स्नान शेगडीवरच्या पाण्यानें झालें. आम्हीं मात्र मनांतल्या मनांत त्या कळीची क्षमा मागितली.